कारकून कॅमेऱ्यामागे गेला तेव्हा



गेल्या वर्षी वर्षावासातले ग्रंथवाचन आटोपल्यावर आमच्या मुलचेऱ्यात समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर लावून एक चित्रपट दाखवला. प्रोजेक्टर मागून आणलेला, आवाजाचा डबा लग्नाच्या मंडपवाल्याचा. चित्रपटाचे नाव '२०० हल्ला हो'. तो २०२१ साली आला, थिएटरात नव्हे, मोबाईलवर पाहायच्या माध्यमात. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या कोर्टात कस्तुरबा नगरच्या बायांनी वर्षानुवर्षे छळणाऱ्या अक्कू यादव नावाच्या गुंडाला संपवले, त्या घटनेवर तो बेतलेला आहे. विषय कडक, म्हणून लहान मुलांना आधीच घरी धाडले होते. बायाच जास्त बसल्या होत्या.

त्यात विठ्ठल डांगळे नावाचा एक निवृत्त न्यायाधीश आहे. दलित समाजातून वर आलेला, कायद्यावर भरवसा असलेला, आणि शेवटी त्या बायांच्या बाजूने उभा राहणारा. चित्रपट संपला, दिवे लागले. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर मावशीने मला विचारले, "बाबू, हा म्हातारा आपल्यातला होय का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. भूमिका आपल्या माणसाची होती आणि नट अमोल पालेकर होते. मावशीला वाटत होते तेवढे ते सोपे नव्हते. त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहायला घेतला.

पालेकरांचा जन्म १९४४ चा, मुंबईचा. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकले आणि पोटासाठी बँक ऑफ इंडियात नोकरी धरली. सत्यदेव दुबे यांच्याकडे नाटक करू लागले, 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९७१ च्या मराठी चित्रपटात दिसले आणि १९७४ मध्ये 'रजनीगंधा'पासून हिंदीत नायक झाले. मग 'छोटी सी बात', 'चितचोर', 'घरौंदा', 'गोलमाल' ही रांगच लागली. मारामारी नाही, घोडा नाही. बसच्या रांगेत उभा राहणारा, बढतीची वाट पाहणारा, साहेबापुढे खोटी मिशी सांभाळणारा साधा नोकरदार. मीही बी.कॉम. होऊन फायलींत मान घालून बसलेला माणूस. 'घरौंदा'तले ते दोघे एका खोलीसाठी पैसा-पैसा जोडतात आणि फसवले जातात, ते पाहताना पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यांची आठवण होते. आमच्या टेबलावरचा माणूस पडद्यावर पहिल्यांदा आणला तो यांनी, असे माझे मत आहे.

पण पालेकर तिथे थांबले नाहीत. त्यांचे दिग्दर्शक म्हणून पहिले काम म्हणजे १९८१ चा 'आक्रीत'. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खून प्रकरणावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. गुप्तधन आणि अंधश्रद्धेपायी माणसे मारली जातात, आणि त्यातला तो क्रूर मुख्य माणूस पालेकरांनी स्वतः रंगवला. विचार करा, सारा देश ज्याला गोड, भोळा जावई समजत होता, त्याने हाती कॅमेरा येताच स्वतःलाच सर्वात वाईट भूमिका दिली! त्या चित्रपटाला फ्रान्समधल्या नांत येथील महोत्सवात पारितोषिक मिळाले. आपल्या गावोगाव मात्र तो फारसा पोचला नाही.

पुढे दूरदर्शनवर १९८७ ला 'कच्ची धूप' ही मालिका आली. मी तेव्हा लहान होतो. चंद्रपूरला मामाकडे गेलो की शेजाऱ्यांच्या उंबरठ्यावर बसून तिचे तुकडे पाहिल्याचे आठवते. नंतर 'मृगनयनी' ही मालिका झाली. चित्रपटांत 'थोडासा रूमानी हो जाएँ', २००५ चा 'पहेली', जो आपल्या देशातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला, अशी पुष्कळ कामे आहेत. त्यातल्या दोनच चित्रपटांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

एक म्हणजे १९९५ चा 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, माणदेशातली मेंढपाळांची वस्ती, दुष्काळ, आणि तिथे नेमणूक झालेला कोवळा मास्तर. आमच्या भागात ज्यांची पहिली नेमणूक एखाद्या दूरच्या टोल्यावर झाली, त्या गुरुजींनी हा चित्रपट अवश्य पाहावा. त्यांना माणदेश परका वाटणार नाही.

दुसरा २००१ चा 'ध्यासपर्व'. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे हे चरित्र. संततिनियमनाचा शब्द उच्चारायला लोक घाबरत, तेव्हा कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी, मानमरातब सगळे घालवले. त्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने मुंबईच्या कोर्टात उभे राहिले ते आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वकिली तेव्हा काही फार जोरात नव्हती आणि राजकारणाची धावपळ होती, तरी बाबासाहेबांनी हा बदनाम माणसाचा खटला घेतला. तो हरला, कर्व्यांना दंड झाला, हेही सांगितले पाहिजे. आपल्या घरांतल्या किती माता-भगिनींना ही हकीकत ठाऊक आहे? जयंतीच्या भाषणांत ती क्वचितच येते.

इथे एका परदेशी नटाची आठवण काढतो. अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत आयव्हन डिक्सन. १९६४ चा त्यांचा 'नथिंग बट अ मॅन' उत्तम गाजला, पण पुढे घरोघरी ओळख झाली ती एका विनोदी मालिकेतल्या रेडिओवर बसणाऱ्या सार्जंटची. १९६५ पासून पाच वर्षे तीच भूमिका. मग ते दिग्दर्शनाकडे वळले. १९७३ मध्ये त्यांनी 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर' केला. सरकारी गुप्तहेर खात्यात नावापुरता घेतलेला एक काळा माणूस तिथले शिक्षण घेऊन बाहेर पडतो आणि वस्तीतल्या पोरांना लढायला शिकवतो, अशी ती कथा. चित्रपट थिएटरांतून लवकरच काढला गेला. २०१२ मध्ये त्याच देशाने तो जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतला, पण मधली जवळजवळ ४० वर्षे गेली ती गेलीच. डिक्सन यांनी पुढे टीव्ही मालिकांचे असंख्य भाग दिग्दर्शित करून संसार चालवला. २००८ साली ते वारले. त्यांच्या चित्रपटाच्या एकच वर्ष आधी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती आणि तिचे नावही तिकडूनच आले होते, हा काळाचा मेळ मला नेहमी विशेष वाटतो.

डिक्सन आणि पालेकर यांची बरोबरी करायची नाही. डिक्सन यांच्यासाठी चांगल्या भूमिकांचे दार अरुंद होते. पालेकरांपुढे ते सताड उघडे होते, तरीही ते त्यातून बाहेर आले. म्हणून त्यांचा मला आदर वाटतो, आणि थोडी तक्रारही आहे. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत आपल्या माणसाची अशी ठसठशीत भूमिका त्यांच्या वाट्याला आली ती वयाच्या पंच्याहत्तरीनंतर! दोष एकट्या त्यांचा नाही. तशा भूमिका लिहिल्याच जात नव्हत्या. जो लिहितो आणि जो कॅमेरा धरतो, तो आपल्या ओळखीची माणसे दाखवतो. म्हणूनच नागराज मंजुळे यांनी 'फॅन्ड्री' करायला घेतला तेव्हा चित्र पालटू लागले. '२०० हल्ला हो'मधली ती धीट मुलगी रिंकू राजगुरू हीसुद्धा मंजुळ्यांच्या 'सैराट'मधूनच पुढे आली.

पालेकरांचे आणखी एक काम आमच्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी लक्षात ठेवावे. प्रयोगाआधी नाटकाची संहिता परीक्षणाला देऊन परवाना घ्यायचा, या नियमाविरुद्ध ते २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. धान घरात आल्यापासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके करणाऱ्या आमच्या मंडळींना तो कागद किती फिरवतो, हे वडसा-देसाईगंजच्या कोणालाही विचारा.

मावशीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "नट आपल्यातला नाही, पण त्याने जीव ओतून केले." त्या म्हणाल्या, "केलं तं बरंच केलं जी." आणि तांदूळ निवडायला लागल्या.

यंदा धानकापणीनंतर 'बनगरवाडी' दाखवायचे ठरले आहे. बारावीतल्या एका मुलीने त्या रात्री प्रोजेक्टर गुंडाळताना मला विचारले होते की कॅमेऱ्याचे शिक्षण कुठे मिळते. मी पुण्याचे नाव सांगितले आणि खर्चाच्या विचाराने गप्प झालो. तिने मात्र वाट पाहिली नाही. आपल्या आजीला रोवणीच्या बांधीत उभे करून मोबाईलवर बोलते केले. सात मिनिटांचे झाले आहे. 'बनगरवाडी'च्या आधी तेच दाखवणार आहोत. वाऱ्यामुळे आवाज मधेमधे फाटतो. आजीचा चेहरा मात्र अगदी जवळून घेतला आहे.