रक्त देण्यापूर्वी

वाचकहो, आरोग्य-सर्वेक्षणासाठी कोणी आपल्या दारी रक्ताचा नमुना मागू लागले, तर एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘याचे पुढे काय होणार?’

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई ही लहानशी आदिवासी जमात राहते. मधुमेहाने ती गांजली होती. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्यातील अनेकांचे रक्त घेतले. मधुमेहाचे कारण सापडेल, या आशेने लोकांनी ते दिले. संमतिपत्रातील शब्द मात्र मोघम होते. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा आणि जमातीच्या मूळस्थानाचाही अभ्यास झाला. आपला उगम याच दरीत झाला, अशी श्रद्धा असलेल्या त्या लोकांना हे कळले, तेव्हा ते दुखावले आणि न्यायालयात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली व उरलेले नमुने परत केले.

संशोधन हवेच, त्यावाचून आम्हा डॉक्टरांचे पाऊल पुढे पडत नाही. परंतु संमती म्हणजे नुसती सही नव्हे. हेतू बदलल्यास पुन्हा विचारावे, निष्कर्ष त्या लोकांनाही सांगावेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपण संशोधनातून केव्हाही माघार घेऊ शकता. म्हणून माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या, घरी वाचा, मगच सही करा.