‘अंदाज’ आणि ‘अनुमान’: एक सोयीस्कर गल्लत

मराठी समीक्षेला ‘अंदाज’ या शब्दाचे वावडे आहे. शेतकरी पावसाचा अंदाज घेतो, गृहिणी मिठाचा, महापालिका तर अंदाजपत्रकच मांडते. प्रबंधात मात्र त्याच्या जागी ‘अनुमान’ येते. फारसी शब्द गेला, संस्कृत आला, की विधानाला आपोआप वजन येते अशी ही समजूत. (भाषाशुद्धीच्या चळवळीला जे साधले नाही ते प्रबंधलेखनाने साधले!) परंतु हे पर्यायी शब्द नव्हेत.

‘अनुमान’ ही न्यायशास्त्राची संज्ञा आहे. धुरावरून पर्वतावर अग्नी आहे असे म्हणण्याचा अधिकार ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या व्याप्तीने मिळतो. ११व्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त ध्वनीचा अंतर्भाव अनुमानात केला, तेव्हा हेतू दाखविण्याची जबाबदारीही पत्करली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ते हेतू अनैकांतिक ठरविले, पण ठरविता आले ते हेतू उघड मांडलेले होते म्हणूनच.

आज कवितेत एकाकीपणा आढळला की आधुनिक जाणिवेचे ‘अनुमान’ निघते. मग तुकारामांच्या अभंगांतील एकाकीपणाचे काय करावयाचे?

‘विवेकसिंधू’चा वाद याहून बोलका आहे. परंपरेने त्याचा रचनाकाल शके १११० (इ. स. ११८८) मानला. पोथ्यांची भाषा ‘ज्ञानेश्वरी’हून अर्वाचीन वाटते, म्हणून ग्रंथच उत्तरकालीन असल्याचे प्रतिपादन झाले. परंतु नक्कल करणारे लेखनिक भाषा आपल्या काळाची करून टाकतात. तेव्हा भाषेवरून फार तर हाती असलेल्या पाठाच्या काळाचा अंदाज येतो. उलट बाजूस, शक सांगणारी ओवी मूळचीच आहे हेही गृहीत धरता येत नाही. दोन्हीकडे अंदाजच आहेत. तसे कबूल केले, की कोणता पुरावा मिळाल्यास मत बदलेल हे सांगावे लागते. ‘असे अनुमान काढता येते’ या कर्मणी वाक्यात ती निकड संपते, आणि तर्क करणारा माणूसही अदृश्य होतो.

अंदाज म्हणजे मनमानी, हा आक्षेप ठरलेला आहे. मनमानीसाठी मराठीत ‘अंदाजपंचे’ हा स्वतंत्र शब्द आहे. भाषेने केलेला हा भेद समीक्षकांना दिसू नये, हे नवल. मिठाचा अंदाज पहिल्या घासाला तपासला जातो. समीक्षेतील ‘अनुमाना’वर अशी पाळी क्वचितच येते. परीक्षकांनी या शब्दापाशी थांबून व्याप्ती विचारावी, आणि ती मिळाली नाही तर तेथे ‘अंदाज’ लिहावयास सांगावे.