मुका दूरदर्शन

डोळे असूनही माणूस पुष्कळदा पाहत नाही, याचा प्रत्यय आम्हांस डिचोली येथील आमच्या घरातच आला.

थोरल्या दादाची चतुर्थीपूर्वीची परीक्षा जवळ आली, तेव्हा दूरदर्शन संचाचा आवाज बंद ठेवावा असे वडिलांनी ठरविले. आजीची त्यास हरकत असण्याचे कारणच नव्हते; तिला कित्येक वर्षे ऐकू येत नाही. आम्ही मात्र प्रथम कंटाळलो. परंतु दोन-चार दिवसांतच त्या मुक्या चित्रांची गोडी लागली.

क्रिकेटचा सामना समजण्यास काहीच अडचण पडली नाही. पंचाने एक बोट वर केले की फलंदाज बाद, दोन्ही हात उंचावले की षटकार! चर्चेच्या कार्यक्रमात चार विद्वान एकाच वेळी ओठ हलवीत होते. ऐकणारा त्यांत एकही नाही, हे आवाज बंद असल्यामुळेच आमच्या ध्यानी आले.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत वाणीचा प्रकार एकच. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुकाच होता. आणि पेडण्यास मामाच्या गावी जत्रेत दशावतार पाहताना आम्ही गर्दीच्या शेवटी उभे असतो, तेव्हा संवाद कोठे ऐकू येतात? तरीही राजाची चाल आणि स्त्रीपार्टीची खाली झुकलेली मान पाहून कथा उमगतेच.

एवढ्यावरून आपणांस माणसे वाचता येऊ लागली, असा आम्हांस गर्व झाला. एका रात्री बातम्यांत एक गृहस्थ हातवारे करीत, तोंड वेडेवाकडे करीत काही सांगत होता. आम्ही भावंडे पोट धरून हसलो. आजी म्हणाली, "हसू नका रे बाळांनो, त्याचे डोळे पाहा." आवाज किंचित वाढविला, तेव्हा कळले की पुरात त्याचे घर वाहून गेले होते. आम्ही लाजेने खाली पाहू लागलो.

आम्ही त्याचे हात पाहिले होते, आजीने डोळे पाहिले. तथापि त्याचे दुःख कशाचे, हे आजीलाही कळले नव्हते. त्यासाठी शब्दच लागले. म्हणून आमचे मत असे की, चेहरा मनाची अवस्था सांगतो, तिचे कारण सांगत नाही. वर्गात मान खाली घालून बसलेला मुलगा आळशी असेल, भुकेला असेल किंवा रात्रभर आजारी आईजवळ जागलेला असेल. केवळ पाहून त्याची परीक्षा करणे हा अन्याय होय. आणि न पाहता पुढे जाणे हा त्याहून मोठा अन्याय होय. आधी नीट पाहावे, मग जवळ जाऊन आपुलकीने विचारावे.

विद्यार्थिमित्रहो, आपणही एखाद्या सायंकाळी आवाज बंद करून दूरदर्शन पाहावा. नंतर तो संचही बंद करावा आणि तीच दृष्टी घरातील माणसांकडे वळवावी. दादाची परीक्षा संपली, आमच्या घरी आवाज पुन्हा सुरू झाला. परंतु आता आजीशी बोलताना आम्ही तिच्या समोर बसतो. इतकी वर्षे आम्ही तिच्या पाठीमागूनच बोलत होतो.