आधी भिंत, मग प्रकाश

ऐतिहासिक वास्तूंच्या भिंतींवर हलती प्रकाशचित्रे उमटविण्याची, म्हणजेच ‘प्रोजेक्शन मॅपिंग’ची, हौस देशभर वाढते आहे. १९५२ साली फ्रान्समधील शांबोरच्या प्रासादापाशी ध्वनिप्रकाशाचा पहिला खेळ झाला. त्याच परंपरेचे हे नवे रूप. गोमंतकात असे प्रयोग अवश्य व्हावेत. परंतु आधी यंत्रखरेदी आणि मागाहून विचार, हा क्रम आम्हांस मान्य नाही.

चित्राची लांबी व रुंदी दुप्पट केली की त्याच प्रोजेक्टरचा उजेड चौथाईवर येतो. चुन्याची पांढरी भिंत तो परतविते, उघडा जांभा दगड गिळतो. बाहेर भोवतालचे दिवे मालवावे लागतात आणि पावसापासून यंत्रे सांभाळावी लागतात. दालनात काळोख हाती असतो. पण अंतर अपुरे पडते, प्रेक्षकांच्या सावल्या आड येतात आणि यंत्रांच्या उष्णतेला वाट द्यावी लागते.

आपल्या देवळांच्या दीपस्तंभांत प्रत्येक पणतीचा कोनाडा बांधकामातच योजिलेला असतो. तीच दूरदृष्टी निविदा काढणाऱ्यांनी दाखवावी. भिंतीचे मोजमाप आणि एका रात्रीची चाचणी झाल्याखेरीज यंत्रांवर जनतेची एक पैही खर्च होता कामा नये.