आमची घंटा आणि त्यांचे भूत

दोन नोव्हेंबर हा परलोकवासी आत्म्यांच्या स्मरणाचा दिवस. गतवर्षी त्या सायंकाळी आमच्या लहानशा दफनभूमीत मेणबत्त्या लावून झाल्या आणि मंडळी मिस्सासाठी चर्चमध्ये येऊन बसली. कीबोर्ड वाजविणाऱ्या मुलाने ऑर्गनचा आवाज निवडला आणि खालच्या सप्तकातील एक स्वर लांबवर धरून ठेवला. तोच पुढच्या बाकावरील मुलांत कुजबुज उठली, "आला रे, भुताचा पिक्चर सुरू झाला!" दोघे हसले, एक लहानगी मात्र खरोखरच घाबरून आईच्या पदराआड शिरली. मोठ्यांनी डोळे वटारले, एका मावशींनी कान पिळला, आणि मिस्सा सुरू झाली.

आम्हांस मुलांचा राग आला नाही. मुले खोटे बोलली नव्हती. त्यांनी तो स्वर ज्या ठिकाणी शंभर वेळा ऐकला होता, त्या ठिकाणाचे नाव त्यांनी घेतले, एवढेच. राग आला तो या गोष्टीचा की, ते ठिकाण चर्च नव्हते.

अशा प्रसंगी आपल्याकडे एक ठरलेला उपाय सुचविला जातो: मुलांना भयपट पाहू देऊ नका. व्हिडिओ कॅसेटच्या काळात हेच सांगितले गेले, १९९३ साली 'झी हॉरर शो' घरोघर पोहोचला तेव्हाही हेच सांगितले गेले, आणि आज मोबाईल मुलांच्या हाती असतानाही हेच सांगितले जाते. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, हा उपाय चुकीच्या दारावर पहारा बसवितो. आपण डोळ्यांची राखण करतो आणि कान उघडे टाकतो. भयपटातील भूत डोळ्यांना दिसते फार थोडे. घरात येऊन राहते ते कानांतून आलेले भूत.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एक साधा प्रयोग करावा. कोणताही भयपट लावावा, आणि जिना, कंदील, अर्धवट उघडे दार असा प्रसंग आला की आवाज पूर्ण बंद करावा. एक बाई जिना चढत आहे, याहून अधिक काही दिसणार नाही. मग डोळे मिटून केवळ आवाज ऐकावा. हृदयाची धडधड कोणत्या वेळी वाढते, हे ज्याचे त्यानेच पाहावे.

हे रहस्य चित्रपटवाल्यांना चांगले ठाऊक आहे. १९६० साली हिचकॉकने 'सायको' काढला तेव्हा न्हाणीघरातील खुनाच्या प्रसंगी संगीत नसावे असे त्याचे मत होते. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी ते न मानता केवळ तंतुवाद्यांच्या किंकाळ्या रचल्या; त्या ऐकल्यावर हिचकॉकने आपला निर्णय फिरविला. आज तो प्रसंग ज्यांनी पाहिलेलाही नाही, त्यांना ते स्वर ठाऊक असतात. १९७५ सालच्या 'जॉज'मध्ये तर यांत्रिक शार्क वारंवार बिघडे, म्हणून मासा पडद्यावर फारसा येतच नाही. जॉन विल्यम्स यांचे दोन स्वर त्याच्या जागी पोहत येतात. त्याच चित्रपटात दोन मुले पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवितात, त्या वेळी मात्र ते स्वर वाजत नाहीत. म्हणजे खरा धोका कोणता आणि खोटा कोणता, हे प्रेक्षकाला डोळा सांगत नाही, कान सांगतो.

यात नवल वाटण्याजोगे काही नाही. नागझिरा आणि नवेगावच्या जंगलालगत राहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील माणसाला हे शिकवावे लागत नाही. वाघ दिसण्यापूर्वी तो ऐकू येतो, आणि तोही स्वतःच्या आवाजाने नव्हे. झाडावरचे वानर खाकरते, चितळ ओरडते, आणि मोहाची फुले वेचणारी बाई टोपली सोडून उभी राहते. देवाने कानाला पापणी दिली नाही. झोपेतही तो जागाच असतो. कॅलिफोर्नियातील प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल ब्लुमस्टीन हे मार्मोट नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या पिल्लांचे भेदरलेले आवाज अभ्यासीत होते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांतील ध्वनी तपासले, आणि भयपटांत फाटक्या, खरखरीत किंकाळ्यांचे प्रमाण विशेष असल्याचे २०१० साली मांडले. पिल्लाच्या आक्रोशाने आईचे काळीज हलावे म्हणून जी तार निसर्गाने आपल्या ठायी ताणून ठेवली आहे, तीच तार तिकिटाच्या पैशांसाठी छेडली जाते.

तथापि सर्वच भय किंकाळीचे नसते. आपल्या देशातील भुताच्या चित्रपटांची वाट ज्याने पाडली, त्या १९४९ सालच्या 'महल'मध्ये किंकाळीचे काम एका गोड गाण्याने केले. खेमचंद प्रकाश यांचे संगीत, कमाल अमरोही यांचे दिग्दर्शन आणि तरुण लता मंगेशकरांचा आवाज. तो आवाज दुरून जवळ येत आहे असे वाटावे म्हणून लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे यावे लागले, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. गाणे गोड, शब्द आशेचे, आणि तरी अंगावर काटा. तेव्हा भय हे एखाद्या सुराच्या अंगी जन्मतः चिकटलेले नसते. ते त्या सुराला मिळालेल्या संगतीतून येते.

संगतीचा हा नियम आमच्या झाडीपट्टीतही पाहावयास मिळतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरू लागली की रात्र रात्र नाटके चालतात. रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवादक नांदीलाही तोच, नायिकेच्या विलापालाही तोच आणि खलनायकाच्या प्रवेशालाही तोच. पहाटे नाटक सुटते तेव्हा ऑर्गनचे भय घेऊन कोणी घरी जात नाही. कारण त्याच पेटीतून भक्ती, विनोद आणि शोक हे सारे त्याने एका रात्रीत ऐकलेले असते. ज्या वाद्याला सर्व रसांची संगत आहे, त्याला भुताचे वाद्य कोणी म्हणत नाही. ज्या वाद्याचा आवाज केवळ भुताबरोबरच कानी पडतो, ते मात्र भुताचेच होऊन बसते.

आणि येथेच आमचा खरा आरोप आहे. जगातील भयपटांनी भीतीचा व्यापार मांडताना ज्या कोठारातून माल उचलला, ते कोठार फार मोठ्या प्रमाणात आपले आहे. चर्चची घंटा, ऑर्गन, लॅटिन गायकवृंद, ही सारी कोठे नांदत होती आणि आज कोठे नांदत आहेत?

'दिएस ईरे' हे तेराव्या शतकातील लॅटिन स्तोत्र. संत फ्रान्सिसचे चरित्रकार फ्रान्सिस्कन थॉमस ऑफ सेलानो यांच्या नावे ते परंपरेने सांगितले जाते. शतकानुशतके ते मृतांसाठीच्या मिस्सात गायिले गेले. १८३० साली बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने त्याची चाल आपल्या सिंफनीत चेटकिणींच्या मेळ्यात नेऊन बसविली. १९८० साली स्टॅन्ले कुब्रिकच्या 'द शायनिंग'च्या आरंभी डोंगरातून जाणाऱ्या एका मोटारीवर तीच चाल यंत्राच्या आवाजात वाजते, आणि काहीही घडलेले नसताना प्रेक्षक भेदरतो. त्याच चित्रपटात पुढे पोलंडचे कॅथोलिक संगीतकार पेंडेरेत्स्की यांच्या 'उत्रेन्या' या रचनेतील अंश वापरले आहेत. ही रचना कशाविषयी आहे? प्रभू ख्रिस्ताच्या कबरीत ठेवण्याविषयी आणि पुनरुत्थानाविषयी. पुनरुत्थानाच्या पहाटेचे संगीत कुऱ्हाड घेतलेल्या वेड्यामागे वाजते, आणि कोट्यवधी लोक ते केवळ वेडाचे संगीत म्हणून ओळखतात!

'द ओमेन' या १९७६ सालच्या चित्रपटाने तर आडपडदाही ठेवला नाही. जेरी गोल्डस्मिथ यांनी मिस्सातील लॅटिन उलटी फिरवून, पवित्र मरियेच्या वंदनाच्या जागी सैतानाचे वंदन रचले. त्यातील लॅटिन व्याकरणदृष्ट्या सदोष आहे. परंतु दोष कोण पाहतो? त्या संगीताला ऑस्कर मिळाले. त्यानंतर गायकवृंदाने लॅटिन उच्चारले की कोठेतरी सैतान जन्मला, असे समीकरण होऊन बसले.

न्यायाने बोलावयाचे तर 'द एक्झॉर्सिस्ट'ला (१९७३) आम्ही या पंक्तीत बसवीत नाही. त्याची कथा विल्यम पीटर ब्लॅटी या कॅथोलिक लेखकाची, आणि त्यात संगीत फारच थोडे आहे. दिग्दर्शक फ्रीडकिन यांनी करवून घेतलेले संगीत नाकारले आणि शांततेवर अधिक भिस्त ठेवली. परंतु त्यातून आमचाच मुद्दा सिद्ध होतो. त्यातील सुप्रसिद्ध धून माईक ओल्डफिल्ड या तरुण इंग्रज संगीतकाराच्या 'ट्युब्युलर बेल्स' या तबकडीतील. ती कोणत्याही भुतासाठी रचलेली नव्हती. एका चित्रपटाची संगत लाभली आणि ती निष्पाप धून जन्माची झपाटली गेली. जे एका धुनेचे झाले, ते घंटेचे आणि स्तोत्राचे होणार नाही असे कोणी म्हणावे?

यावर कोणी सुज्ञ वाचक म्हणतील, "दिएस ईरे हे क्रोधाच्या दिवसाचे स्तोत्र. भीती तर त्यात मुळातच होती. मग चित्रपटाने निराळे काय केले?" प्रश्न रास्त आहे. होय, त्यात भय आहे, न्यायासनापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे भय. परंतु ते स्तोत्र भयात संपत नाही. ते मेंढपाळाला आपल्या मेंढराची आठवण देते, क्षमा मागते, आणि अखेरीस मृतांसाठी शांती मागून थांबते. चित्रपट त्यातील पहिले चार स्वर घेतो आणि प्रार्थना टाकून देतो. दार ठोठावल्याचा आवाज घ्यावा आणि दार उघडणारा बाप मात्र वगळावा, तसा हा प्रकार आहे. ख्रिस्ती भय आणि भयपटातील भय यांत हाच भेद आहे. पहिल्याला पलीकडचा तीर आहे. दुसऱ्याला केवळ पुढचा भाग आहे.

दुसरा आक्षेप कलास्वातंत्र्याचा. तो आम्ही मान्यच करतो. कोणत्याही चित्रपटावर बंदी घालावी, असे आमचे म्हणणे नाही. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) आम्ही पाहिला. लोभाने माणसाचे काय होते, हे त्यातील अखंड पावसाने आणि जेस्पर किड यांच्या संगीताने जसे सांगितले, तसे अनेक प्रवचनांना साधत नाही. भीतीही सत्याच्या कामी येऊ शकते. म्हणून आमचा वाद भयपटाशी थोडा, आणि आपल्याशी अधिक आहे.

कारण चोरी झाली असे म्हणण्यापूर्वी, घराला कुलूप होते काय हे पाहिले पाहिजे. आम्ही तर घरच सोडून गेलो होतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात तीन गोष्टी सांगितल्या: ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान द्यावे, ऑर्गनचा आदर राखावा, आणि ज्या लोकांत सुवार्ता गेली त्यांच्या स्वतःच्या संगीताला योग्य ते स्थान मिळावे. आम्ही पहिल्या दोन गोष्टी विसरलो, तिसरी अर्धवट केली, आणि कीबोर्डमधील तयार ठेक्यांवर सर्व सण साजरे करू लागलो. परिषदेनंतरच्या सुधारणेत 'दिएस ईरे' अंत्यविधीच्या मिस्सातून निघाले, ते पुनरुत्थानाच्या आशेवर भर यावा म्हणून. आणि तो निर्णय आम्हांस योग्यच वाटतो. परंतु ते स्तोत्र काय होते, हे आम्ही आमच्या मुलांना कधी सांगितले? घराबाहेर ठेवलेली वस्तू रस्त्यावरच्या माणसाने उचलली, तर दोष सगळा त्याचाच कसा?

आमच्या जिल्ह्यात कॅथोलिक कुटुंबे विरळ आहेत. पाईप ऑर्गन आम्हांस परवडणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. परंतु घंटा आहे, कंठ आहे, आणि कानही आहेत. देवदूताच्या निरोपाची घंटा दिवसातून तीन वेळा का वाजते. मृतासाठी ती संथ का वाजते. पवित्र गुरुवारी गौरवगीतानंतर ती पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत मुकी का राहते, हे प्रत्येक घरी मुलाला सांगता येईल. त्या मुक्या घंटेच्या दोन दिवसांत जे भय आहे, ते कोणत्याही पडद्यावर नाही. आणि शनिवारच्या रात्री ती पुन्हा वाजते तेव्हाचा आनंदही नाही. ज्या मुलाने हे दोन्ही अनुभवले, त्याची घंटा कोणताही चित्रपट हिरावून घेऊ शकणार नाही.

तेव्हा आईबापांना आमची विनंती अशी: मुलांचे डोळे झाकू नका. त्यांच्या शेजारी बसा, एकदा आवाज बंद करून तो प्रसंग दाखवा, मग आवाज लावा, आणि विचारा, "आता भीती कोठून आली?" मूल हसेल, आणि त्या हसण्याबरोबर निम्मे भूत निघून जाईल. गायकवृंदाला विनंती अशी: येत्या दोन नोव्हेंबरला तो खालचा स्वर टाळू नका. तो मुद्दाम धरा. मात्र तेथेच थांबू नका. त्यावर शांतीची प्रार्थना शेवटच्या शब्दापर्यंत गा.

पदराआड लपलेल्या त्या लहानगीला उरलेले स्तोत्र ऐकविणे, हे आपले देणे आहे. भूत दाखविणाऱ्यांनी त्यांचे काम केले. आपले अजून व्हावयाचे आहे.