ग्रंथालयाच्या संगणकाची किल्ली कोणाकडे?

सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकीकरणाची चर्चा आपल्याकडे संगणक किती आले येथे सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. त्या संगणकावर कोणी काय करावे, हे ठरवण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावसारख्या गावी हा प्रश्न शहराहून अधिक बोचरा आहे. सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. अनुदान ठरते अ, ब, क, ड या वर्गांवर, आणि वर्गासाठी ग्रंथसंख्या, सभासदसंख्या पाहिली जाते. २०१२ साली राज्यभरातील ग्रंथालयांची महसूल खात्यामार्फत पडताळणी झाली, तेव्हा नोंदींचे मोल सर्वांनाच कळले.

कागदी दाखल नोंदवहीत खाडाखोड झाली तर ती दिसे, तिच्याशेजारी सही घेता येई. संगणकावर दोघे-तिघे कर्मचारी एकच पासवर्ड वापरत असतील, तर शंभर पुस्तके गहाळ दाखवणारा हात कोणता, हे सांगता येत नाही. मग बालंट येते ते अल्प वेतनावरील कर्मचाऱ्यावर. वेगळे खाते म्हणजे अविश्वास, हा समज म्हणूनच उलटा आहे.

साधनांची उणीव नाही. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली 'कोहा' ही प्रणाली मोफत आहे. तीत देवघेव, तालिकीकरण, सभासद-नोंदणी यांचे अधिकार वेगवेगळे देता येतात. सर्वाधिकार असलेल्या खात्याला तेथे 'सुपरलायब्ररियन' म्हणतात. दुर्दैवाने सोयीसाठी तेच सर्वांना वाटले जाण्याचा मोह होतो. देवघेवीच्या टेबलावरील संगणकही प्रशासक म्हणून उघडा ठेवला, तर प्रणालीतील मर्यादांना फारसा अर्थ उरत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि मुख्य तालिका जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना ऑनलाइन मिळाली नाही. बाहेरच्या कंत्राटदारांना आत येण्यासाठी ठेवलेल्या वाटेवर दुहेरी पडताळणी नव्हती, असे संस्थेच्याच अहवालात नमूद आहे. आपल्याकडे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याकडे पासवर्ड वर्षानुवर्षे राहिला, तर धोका त्याच जातीचा.

एकच ग्रंथपाल असेल तेथे एवढा व्याप कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. परंतु त्यानेही रोजच्या कामासाठी मर्यादित खाते वापरावे आणि सर्वाधिकाराचा पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यवाहांकडे असावा, खर्च शून्य. कर्मचारी सोडून गेल्यास त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, मात्र पुसू नये. त्याने केलेल्या नोंदींवर त्याचे नाव राहिले पाहिजे.