आतून कोण बघतंय?

गेल्या वर्षी आमच्या चौघांचा प्रोजेक्ट होता, विमानाच्या पंखाचा दोन मीटरचा तुकडा. ॲल्युमिनिअमचा पत्रा, आतल्या रिब्ज, रिव्हेट, सगळं आमच्या हातचं. बाहेरून असा पांढरा-निळा रंग मारला की येणारा-जाणारा हात फिरवायचा. आतून? काहीच नाही. "आतून कोण बघतंय?" हे वाक्य माझंच. मार्क मात्र झकास पडले.

वर्कशॉपमध्ये जागा नाही म्हणून तो तुकडा मी गावी, सिद्धेश्वरला नेला. पत्र्याच्या शेडमध्ये त्याने एक पावसाळा काढला. दिवाळीत बघतो तर स्टीलचे ब्रॅकेट जिथे ॲल्युमिनिअमला टेकलेले, तिथे पांढरी भुकटी. नखाने खरवडली, खाली खड्डे. बाहेरचा रंग चकाचक!

आमचे मामा धरणाच्या दरवाजांना रंग देणाऱ्या टोळीत होते. पूर्णेच्या पाण्यातलं लोखंड ते. आधी गंज खरवडायचा, मग प्रायमर, मग रंग. त्यांनी बॅटरी मारून विचारलं, "आतमधून काय लावलं?"

"काही नाही मामा, दिसत नाही ना."

"दिसत नाही म्हणूनच लावायचं असतंय, बाबा. दिसलं असतं तर पुन्हा लावता आलं असतं."

पुस्तकात 'गॅल्व्हॅनिक करोजन' मी पाठ केलं होतं. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, की ॲल्युमिनिअम झिजणार. पेपरात पाच मार्कांना लिहिलं, हाताने मात्र विसरलो!

घरी विमान बांधणाऱ्यांत प्रायमरवरून जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, विमानाच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर असतोच, उगाच वजन कशाला? म्हणणं खोटं नाही. पण ड्रिल केलेल्या भोकाच्या कडेला आणि ओरखड्यावर तो थर उरतो कुठे? माझं मत असं : जिथे पत्र्यावर पत्रा बसतो आणि जिथे स्टील टेकतं तिथे रिव्हेट मारण्याआधीच प्रायमर हवा. वरचा शोभेचा रंग आत नसला तरी चालेल. कॉकपिटमध्ये द्या, काचेखाली काळपट आणि बिनचमकीचा, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही. बाकी फिकट राखाडी, म्हणजे तेलाचा ओघळ लगेच दिसतो.

आणि प्रायमरच्या आधी सफाई. धुतलेल्या पत्र्यावर पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब झाले तर तेल आहे. जुना पिवळट-हिरवा झिंक क्रोमेट कुठे मिळाला तर होस्टेलच्या खोलीत फवारू नका राव, त्यातलं क्रोमियम कॅन्सर करतं.

२८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या १९ वर्षं जुन्या बोइंग ७३७ चं छत हवेतच उडालं, एक हवाई सेविका गेली. पत्र्यांच्या जोडातला चिकटा सुटला होता, आत गंज शिरला होता, रिव्हेटपाशी भेगा पडल्या होत्या.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. मी वाचलेल्या बातम्यांत गच्ची होती, खर्च होता, परवानग्या होत्या. मला आता विचारावंसं वाटतं ते वेगळंच : समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या सांध्यांना आतून काय लावलं होतं?

म्हणून सरांना विनंती. यंदा प्रोजेक्टला रंगाचे मार्क देण्याआधी झाकण उघडायला लावा आणि आत बॅटरी मारा. आमचा तुकडा सिद्धेश्वरलाच आहे. या सुट्टीत रिव्हेट काढायला घेतोय. मामा म्हणालेत, खरवडायला ते बसतील, प्रायमरचे पैसे माझे.